आबा साळोख्यांची पेठ

सामना सुरू होण्याआधी साळोखे आबा मैदानाच्या कडेला उभे राहून खेळाडूंची नावं पुकारायचे. नुसती नावं नाहीत, जागेसकट. आधी गोलकीपर, मग बॅक, मग हाफ, मग फॉरवर्ड. नाव आलं की त्या मुलाने रेषेच्या आत पाऊल टाकायचं आणि ओरडायचं, "आलो!" मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सिंगापुरातल्या सेरंगूनजवळच्या एका लहानशा शाळेच्या कुंपणापाशी, मुलाचे विसरलेले बूट हातात घेऊन उभी होते. "वेई जिए, राइट हाफ," असं कोणीतरी पुकारलं आणि एका चिनी पोराने खणखणीत मराठीत उत्तर दिलं. उन्हाने माझंच डोकं फिरलं असावं असं मला वाटलं.

मग आवाज आला, "लेफ्ट औट." कोणीच ओ दिली नाही. पुकारणारा माणूस क्षणभर थांबला, समोरच्या रिकाम्या गवताकडे पाहिलं आणि पुढच्या नावाकडे वळला. असं त्या दिवशी दोनदा झालं. सामना संपल्यावर मी मराठीतच विचारलं, की माणूस नाही हे ठाऊक असताना पुकारायचं कशाला? ठेंगणा, पायांना किंचित बाक असलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला तो माणूस माझ्याकडे वळला. सिंगापुरात अचानक मराठी कानावर पडल्याचं आश्चर्य वगैरे त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "जागा तर हाय न्हवं वैनी? माणूस न्हाई म्हणून जागा पुसायची व्हय?"

तेव्हापासून मी त्यांची वैनी झाले. नाव त्यांनी पुढे कधीतरी विचारलं, पण वापरलं नाही. गाव मात्र लगेच विचारलं आणि पुणं म्हटल्यावर हळहळले. "पुण्यात काय खेळत्यात? एक बुद्धिबळ, न्हाईतर वाद."

आमचा ओजस त्या शाळेत कसा गेला हे सांगायला हवं. आम्ही दोघं नोकरीच्या पासवर इथे आलेलो. नवऱ्याचं ऑफिस बुओना व्हिस्टाला, माझं पाया लेबारला. परदेशी मुलांची प्रवेशपरीक्षा देऊन ओजसला जी शाळा मिळाली ती मिळाली. शाळा चांगली होती, पण ओसरत चाललेली. या देशात मुलंच कमी जन्माला येतात, आणि जी येतात त्यांच्या आईबापांना मोठ्या नावाच्या शाळा हव्या असतात. आम्ही गेलो तेव्हा इमारतीचा वरचा मजला कुलूपबंद होता. इथे प्रत्येक मुलाला शाळा सुटल्यावरचा एक उपक्रम घ्यावाच लागतो. त्याला सीसीए म्हणतात. ओजसने फुटबॉल घेतला, कारण बाकी सगळीकडे चाचणी होती आणि आबांनी फक्त विचारलं होतं, पाय आहेत ना?

आबांचं पूर्ण नाव विलासराव साळोखे. कोल्हापूरचे. ऐन तरुणपणी इथल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डर म्हणून आले, सुपरवायझर होऊन निवृत्त झाले, इथलेच कायमचे रहिवासी झाले. निवृत्तीनंतर प्रशिक्षकाचा कोर्स केला आणि या शाळेत कंत्राटावर लागले. मूलबाळ नाही. बायको शालनवहिनी, मितभाषी आणि हाताला विलक्षण चव असलेली. सामना जिंका नाहीतर हरा, शालनवहिनींच्या भडंगाचा डबा ठरलेला. मलाय, तमिळ, चिनी, सगळी पोरं घामेजल्या हातांनी त्यात तुटून पडायची आणि लसूण कोणाला जास्त आला यावरून भांडायची.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांना आबा कळणं कठीण. मलाही कळायला वेळ लागला. तिथे पेठेची तालीम असते, तालमीचा संघ असतो, आणि तुम्ही कुठल्या संघाचे हे तुमच्या जन्माने ठरतं. आबा आपल्या पेठेकडून लेफ्ट औट खेळले होते. रेषेच्या कडेकडेने चेंडू घेऊन पळायचं आणि आत टोलवायचा, एवढंच काम; पण त्या कामाबद्दल ते असे बोलत की जणू एखाद्या घराण्याची गायकी. त्यांचा एक चुलतभाऊ एका मोसमापुरता दुसऱ्या पेठेच्या संघात गेला होता. कोणीतरी त्याला नोकरीला चिकटवून देण्याचं कबूल केलं होतं म्हणून. "मग?" मी विचारलं. "मग काय? त्याच्या लग्नाला सख्खा चुलता गेला न्हाई. आमचा बा. बरोबरच केलं की." हे सांगताना त्यांच्या स्वरात कसलीही खंत नव्हती. दूध उतू गेल्यावर गॅस बंद केला, इतक्या सहज सांगितलं.

त्यांनी ती पेठ उचलून या शाळेत आणून ठेवली होती. "टीम म्हंजे पेठ हाय," असं ते पोरांना सांगायचे. 'पेठ' या शब्दाला इंग्रजी शब्द त्यांना सापडला नव्हता, त्यांनी तो शोधलाही नव्हता. पोरं एकमेकांना 'पेठ' म्हणूनच हाक मारायला लागली. ओजस घरी माझ्याशी इंग्रजीतच बोलतो. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. पण एकदा फोनवर मित्राला इथल्या धाटणीच्या इंग्रजीत सांगताना ऐकलं, "कॅनॉट लाह, टुडे पेठ गॉट ट्रेनिंग."

सामने आम्ही हरायचो. थोडेथोडके नाही, सपाटून हरायचो. समोर अकरा धिप्पाड पोरं, आमच्याकडे नऊ, फार तर दहा, आणि त्यातला एक ओजस, म्हणजे तसे साडेआठच. पण हरल्यावर मान खाली घालून बाहेर यायला आबांची सक्त मनाई होती. सगळ्यांनी एका रांगेत प्रेक्षकांसमोर जायचं आणि हात जोडायचे. प्रेक्षक म्हणजे बहुतेक वेळा मी एकटीच, पोरांना द्यायच्या पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसलेली. ती दमलेली, चिखलाने माखलेली पोरं माझ्यासमोर गंभीरपणे नमस्कार करायची आणि मला हसू यायचं, तरी मीही उठून हात जोडायचे. "हरायचं तर पुरं हरायचं," आबा म्हणायचे. "अर्धं टाकून जायाचं न्हाई."

त्या पोरांतला एक खरोखरीचा खेळाडू होता. हाफीज. सडपातळ मलाय मुलगा, वडील सामान पोचवण्याची व्हॅन चालवायचे. चेंडू त्याच्या पायापाशी आला की इतरांचा गोंधळ थांबायचा. अभ्यासात तो बेताचा होता. पण खेळाच्या जोरावर इथे पॉलिटेक्निकला लवकर प्रवेश मिळू शकतो, आणि त्यासाठी शाळेच्या संघात शेवटपर्यंत असावं लागतं. त्याची सगळी भिस्त त्यावर होती. त्याच्या वडिलांनी हे मला त्याच कुंपणापाशी व्हॅन उभी करून दोनदा सांगितलं होतं, जणू माझ्याच हातात काही आहे.

मग एका वर्षी स्पर्धेच्या आयोजकांनी ठरवलं, की लहान शाळांचा गट वेगळा करायचा आणि त्यात आठ-आठ खेळाडूंनी खेळायचं. मैदान लहान, गोल लहान, वेळ कमी. सगळ्या पालकांना हायसं वाटलं. मलाही. आता निदान दोन आकडी गोल खाऊन घरी यायला नको, एवढाच माझा विचार. आबा मात्र त्या दिवशी सराव संपल्यावर शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाऊच्या गाळ्यांपाशी, माझ्यासमोर येऊन बसले आणि चहाला हात लावेनात.

"आठ म्हंजे काय वो? अष्टविनायक हाय का?"

मी म्हटलं, "आबा, मुलंच नाहीत तर काय करणार? नाहीतर संघच बंद होईल."

त्यांनी भडंगाच्या डब्यातले शेंगदाणे वेचून टेबलावर अकरा जणांची मांडणी केली. मग त्यातले एकेक उचलायला लागले. हा काढला तर मधे भगदाड पडतं, परत ठेवला. तो काढला तर गोलकीपर उघडा. शेवटी दोन्ही कडांचे दाणे उचलले आणि एक हाफ. "मैदानच अरुंद केल्यावर कडंला पळणारा कशाला पायजे?" ते म्हणाले. लेफ्ट औटचा दाणा बराच वेळ बोटांत धरून बसले. "म्हंजे म्या तर ह्यात उरलोच न्हाई की." मग तो दाणा त्यांनी डब्यात टाकला आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

एवढं होऊनही त्यांनी आठांचा संघ उभा केला, आणि जीव ओतून उभा केला. गोदीत जसं जुन्या जहाजाला बसेल असा पत्रा कापायचे, तसं प्रत्येक पोराला कापून-ठाकून जागेवर बसवलं. आश्चर्य म्हणजे आम्ही जिंकायला लागलो. पहिल्यांदा जिंकलो तेव्हा पोरांना काय करायचं तेच कळेना. हात जोडायचे की नाचायचं? शेवटी हात जोडून नाचले. हाफीजला तर लहान मैदान म्हणजे अंगणच. मला वाटलं, आता आबा खुलतील. ते हसले, पोरांच्या पाठी थोपटल्या, पण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ब्येस झालं. पर ह्यो खेळ दुसराच हाय वैनी." आणखी एक गोष्ट त्यांना डाचत होती. अकराच्या खेळात सगळी पोरं मैदानात असायची. आता जिंकण्यासाठी एक-दोघांना बाहेर बसवावं लागत होतं. बाहेर बसणाऱ्यांत ओजस हमखास असायचा. त्याला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं, तो माझ्या शेजारी बसून भडंग खायचा. पण आबा प्रत्येक सामन्यानंतर त्याची समजूत काढायचे, आणि तो त्यांची.

त्या मोसमाच्या मध्यावरच शाळा बंद होणार असल्याचं कळलं. बंद हा शब्द कोणी वापरला नाही, विलीनीकरण म्हणाले. नवीन वर्षापासून आमची मुलं पलीकडच्या वस्तीतल्या एका मोठ्या शाळेत जाणार. तिथे अकराचा संघ होता, राखीव खेळाडूंसह भरलेला. त्या शाळेकडून निरोप आला: पुढच्या वर्षीच्या संघासाठी एका शनिवारी चाचणी आहे, तुमच्या मुलांनीही यावं. आमच्या स्पर्धेतला शेवटचा सामना त्यानंतरच्या आठवड्यात होता.

आबांनी पोरांना गोल करून बसवलं आणि सांगितलं, की आपला शेवटचा सामना व्हायच्या आधी कोणीही दुसऱ्याच्या मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. दुसऱ्याचा शर्ट अंगावर चढवायचा नाही. सामना झाला की मी स्वतः सगळ्यांना घेऊन तिथे जाईन.

मी हबकले. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आबा, ही कोल्हापूरची पेठ नाही. इथे चाचणीची तारीख म्हणजे तारीख. नंतर कोणी उभं करणार नाही."

"कसं करणार न्हाईत? पोरगं असलं खेळतंय. आणि वैनी, जो आपली पेठ अर्ध्यात सोडत न्हाई, त्यालाच दुसरी पेठ मान देती. आज पळून गेला तर त्येच लोक म्हणतील, ह्यो उद्या आमाला बी सोडंल."

"ते असं काही म्हणणार नाहीत. ते फक्त यादी बघतील."

"वैनी, तुमी पाणी द्या. संघाचं आमी बगतो."

मी तरातरा निघून आले. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात भडंगाचा भलामोठा डबा आणि मागे आबा. टोपी काढून उभे. बोलल्याबद्दल माफी मागितली. पण निर्णय बदलला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत हट्ट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. हट्ट असता तर मी भांडले असते. तिथे नुसती खात्री होती, आपण या पोरांना जगात मान मिळवण्याची एकमेव रीत शिकवतो आहोत याची. हाफीजच्या वडिलांनीही त्यांना विचारलं होतं. आबांनी त्यांना जे मला सांगितलं तेच मोडक्या मलायमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "ओके कोच. यू नो बेटर." त्या शनिवारी मी ओजसला म्हटलं, तू तरी जाऊन ये. तो बूट पुसत होता. "मम्मा, कोच सेड आफ्टर मॅच. सो आफ्टर मॅच लाह." एकही पोरगं गेलं नाही.

शेवटच्या सामन्याला आमच्या शाळेतले झाडून सगळे आले. मुख्याध्यापिका, ग्रंथपाल, कँटीनमधली आँटी. मी पहिल्यांदाच गर्दीत बसले. पोरांनी शर्ट इस्त्री करून आणले होते. आबांनी नवा टॉवेल. वेळ झाली तरी समोरचा संघ येईना. मग एक शिक्षक एकटेच घाईघाईने आत आले आणि माफी मागायला लागले. दोन मुलांना ताप, काही मुलं परीक्षेच्या शिकवणीला. आठ काही जमले नाहीत. बस निघालीच नाही.

त्यांची शाळाही आमच्यासारखीच होती. अकरा जमत नाहीत म्हणून आठ केले, आता आठही जमेनात.

आबांनी त्या शिक्षकांचा हात धरला. "सिक्स कॅन. सिक्स-सिक्स प्ले. फाइव्ह ऑल्सो कॅन." ते बिचारे पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत राहिले. पंचांनी घड्याळ पाहिलं, ठरलेली मिनिटं जाऊ दिली आणि आम्हाला विजयी घोषित केलं. टाळ्या कोणी वाजवायच्या ते कळेना. आबा म्हणाले, चला, आपसांत खेळू. सगळी पोरं उठली, दोन बाजू पडल्या, थोडा वेळ चेंडू इकडून तिकडे गेला. तेवढ्यात विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि मैदान रिकामं करावं लागलं. इथे ढगाने नुसते डोळे वटारले तरी खेळ थांबवतात. पाऊस शेवटपर्यंत पडला नाही.

सोमवारी आबांचा फोन आला. "वैनी, तुमचं इंग्रजी चांगलं हाय. माज्यासंगं चला." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्या मोठ्या शाळेच्या फाटकावर आमची नावं लिहून घेतली, छातीला पाहुण्यांचा कागद चिकटवला आणि आम्हाला एका गार खोलीत बसवलं. आयुष्यात कधी दुसऱ्या पेठेच्या मैदानावर पाऊल न ठेवलेला तो माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता.

संघाचे शिक्षक आले. तरुण, अदबशीर. त्यांची काही चूक होती असं मी म्हणणार नाही. मी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "बट अंकल, ट्रायल वॉज दॅट सॅटर्डे. वी डिड इन्फॉर्म." संघ ठरला होता, नावं वर गेली होती. चाचणीला न येणाऱ्यांना इच्छा नाही असं धरलं होतं.

मी त्या वाक्याचं भाषांतर केलं नाही. पण आबांना तेवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात जोडले. "ओन्ली वन. अदर बॉइज नेव्हर माइंड. हाफीज. ओन्ली वन यू टेक." आजवर एकाही पोराला कधी संघातून काढलं नव्हतं त्या माणसाने. त्या खोलीत त्यांनी स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना वगळलं, माझ्या देखत, माझ्या पोरासकट. मला वाईट वाटलं ते ओजससाठी नाही.

शिक्षक अवघडले. पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्गात असेल, त्या वर्गातल्या मुलांना नव्याने घेत नाहीत, म्हणाले. तरी ईमेल लिहा, मी बघतो. ईमेल मी त्याच संध्याकाळी लिहिला. दोन दिवसांत सभ्य उत्तर आलं: जागा नाही.

बाहेर पडताना त्यांच्या मैदानावर सराव चालला होता. मोठं, पूर्ण मापाचं मैदान. आबा थांबले. डाव्या कडेने एक उंच मुलगा चेंडू घेऊन पळाला आणि अलगद आत टोलवला. आबांनी नकळत मान डोलावली. "लेफ्ट औट चांगला हाय त्यांचा," म्हणाले आणि बसथांब्याकडे चालू लागले.

नव्या शाळेत हाफीजला रोबोटिक्स मिळालं. तिथे जागा होती. ओजसला नाटक मिळालं, आणि तो त्यात रमला. त्याचं कुठेही बरंच चालतं. आबांचं कंत्राट शाळेबरोबरच संपलं. दुसऱ्या एका लहान शाळेने विचारलं होतं, ते नाही म्हणाले. मी दोनदा विचारून पाहिलं. "आता न्हाई वैनी. कुणाला काय सांगायचं म्हटलं की जीभच उचलत न्हाई."

त्यानंतर काही महिन्यांनी आबा, शालनवहिनी आणि मी सेरंगूनच्या मॉलमध्ये सामान घ्यायला गेलो होतो. बबल टीच्या दुकानात गल्ल्याच्या मागे हाफीज उभा. सुट्टीतलं काम. आबा जागच्या जागी थिजले. हाफीजनेच पाहिलं, एप्रनला हात पुसत बाहेर आला, वाकला आणि मलाय रीतीप्रमाणे आबांचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. "कोच, हाउ आर यू? ईटन ऑलरेडी?"

आबांनी विचारलं, खेळतोस का? "नो टाइम, कोच," तो हसून म्हणाला. पॉलिटेक्निकचं काय, ते आबांनी विचारलं नाही. मी विचारलं. "सी फर्स्ट लाह, आँटी. मेबी वर्क." मग त्याने आम्हाला तीन पेले करून दिले आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत. राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याच्या मनात तसलं काही आलंच नसावं, इतकं ते पोरगं सरळ होतं.

आबा तो पेला हातात धरून बाहेरच्या बाकावर बसले. पेल्यातला बर्फ वितळला तरी एक घोट घेतला नाही. शालनवहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "त्यानं मला शिवी द्यायला पायजे हुती," आबा म्हणाले. "आयमाय काढायला पायजे हुती. मग म्या घरी जाऊन झोपलो असतो." तुमचं चुकलं नाही असं म्हणणं खोटं झालं असतं, आणि चुकलं म्हणायची माझी छाती झाली नाही. मी शेजारी बसले आणि पाणी झालेला पेला त्यांच्या हातातून काढून घेतला.

त्या वर्षअखेरीस त्यांनी फ्लॅट विकला आणि कोल्हापूरला परत जायचं ठरवलं. पोरांना कळवू का, असं मी विचारलं. विमानतळावर सगळी नक्की आली असती. ते नको म्हणाले. "आली तर हात जोडत्याल वैनी. मला सोसायचं न्हाई." निरोपाला आम्ही तिघंच गेलो; मी, नवरा आणि ओजस. ओजसला त्यांनी जवळ घेतलं, बाहेर बसवल्याबद्दल पुन्हा एकदा समजूत काढायला लागले. ओजस चक्क मराठीत म्हणाला, "मला आवडायचं, कोच." आबांनी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि मागे न बघता आत गेले.

आता शालनवहिनींचा अधूनमधून फोन येतो. घर पेठेतच आहे, स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. मोसम सुरू झाला आहे. तालमीची माणसं दोनदा बोलवायला आली, जुने खेळाडू म्हणून पुढच्या रांगेत खुर्ची ठेवतो म्हणाली. आबांनी पाय दुखतात असं सांगितलं. सामन्याच्या दिवशी सगळी पेठ स्टेडियमवर असते आणि गल्लीत चिटपाखरू नसतं. आबा घरात बसून असतात. मी वहिनींना विचारलं, निदान आवाज तरी येतो का तिथवर?

"येतो की," वहिनी म्हणाल्या. "गोल झाला की सारी गल्ली हादरतीया. पर कुणी मारला, आपल्यांनी का त्यांनी, त्ये इचारत न्हाईत आता."